ठराव झालाय, मग नळ कुठंय?

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आमच्या गावच्या हायस्कूलची संस्था, रायगड जिल्हा

विषय : नागरिकशास्त्राचा तास, आठवीच्या मुलांचा अर्ज आणि आपलं परिपत्रक

सप्रेम नमस्कार.

शाळेचं आणि संस्थेचं नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. गावातल्यांना ते सांगायला नको, बाहेरच्यांना ते कळून उपयोग नाही. नागरिकशास्त्राचे तास काढून घेणारं असं परिपत्रक आणखीही कुठल्या शाळेच्या फळ्यावर लागलेलं असेल. तिथल्या पालकांनीही हे वाचावं म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

मी आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. दहावी १९९८. माझी मुलगी आज त्याच इमारतीत आठवीत बसते, खिडकीचं दार अजून तसंच अडकतं म्हणते. मधल्या काळात, २०१२ ते २०१७, मी ग्रामपंचायतीची सदस्य होते. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्यावर वॉर्डात उमेदवाराची शोधाशोध सुरू झाली. आमची भाताची गिरण आहे आणि हिशेबाची वही मी लिहिते. ‘हिला लिहिता-वाचता येतं’ एवढ्या पात्रतेवर मी उभी राहिले आणि निवडून आले.

पहिल्या मासिक सभेत ग्रामसेवकांनी विचारलं, “सूचक कोण, अनुमोदक कोण?” मी शेजारच्या बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघींची नावं लिहिली गेली आणि मी अनुमोदक झाले. कशाची, ते घरी आल्यावर कळलं. नागरिकशास्त्रात मला दर परीक्षेला पैकीच्या पैकी मार्क असायचे. ‘ग्रामपंचायतीची कामे लिहा’ या प्रश्नाचं उत्तर मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. पण आमच्या वेळी तो विषय कसा शिकवला जायचा? इतिहास संपला की फेब्रुवारीत चार दिवस उरायचे, त्यात सर म्हणायचे, “नागरिकशास्त्र सोपं आहे, घरी वाचा.” ‘घरी वाचा’ची किंमत मी त्या सभेत मोजली. म्हणून आपल्या परिपत्रकात तेच दोन शब्द वाचले तेव्हा गप्प बसवेना.

त्या सभेनंतर मी आमच्या निवृत्त इतिहासाच्या सरांकडे गेले. त्यांनी मला जोतीराव फुल्यांची एक गोष्ट सांगितली. फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं होतं. ठराव अर्थातच झाला. सर म्हणाले, “झाला ना? पण त्यांचा विरोध आज तुला आणि मला माहीत आहे. कारण तो नोंदला गेला. सभेत हरलीस तरी चालेल, इतिवृत्तात विरोध लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.” फुल्यांवर मी शाळेत ‘थोडक्यात माहिती लिहा’ किमान सहा वेळा लिहिली होती. शाळा काढल्या, हौद खुला केला, सत्यशोधक समाज स्थापला. ते आपल्यासारखेच एका सभेत सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसले असतील, अजेंडा वाचला असेल, आणि हात वर झाले तेव्हा यांचा खाली राहिला असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या सभेत पथदिव्यांच्या खरेदीवर मी विरोध नोंदवला. एक ओळ. प्रोसिडिंग बुकात ती अजून आहे.

आता आठवीच्या वर्गात काय घडलं ते सांगते. आपल्यापर्यंत ते फोनवरून पोचलं आहे, त्यामुळे क्रम उलटसुलट झाला असण्याची शक्यता आहे.

आठवीच्या इतिहासात समतेच्या लढ्याचा पाठ आहे. त्यात महाडचा सत्याग्रह येतो. २० मार्च १९२७, चवदार तळं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परीक्षेला एवढं पुरतं. शाळेतल्या आताच्या इतिहासाच्या सरांनी त्यापुढचं सांगितलं. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांनाही खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथले नगराध्यक्ष होते, तेही या चळवळीच्या बाजूचे. आणि तरीही तीन वर्षं त्या तळ्यावर कुणा अस्पृश्याला पाणी भरता आलं नाही.

इथं एका मुलीनं विचारलं, “सर, नगरपालिकेनं तळं खुलं केलंच होतं, तर मग सत्याग्रह कुणाविरुद्ध?”

मी तीस वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसून हा प्रश्न विचारला नाही, कारण मला वाटायचं की सत्याग्रह म्हणजे इंग्रजांविरुद्ध. सरांनी त्या दिवशी सहावीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक मागवलं. सध्याच्या पुस्तकांची गंमत अशी आहे, की ग्रामपंचायत-नगरपालिका सहावीत येतात आणि महाड आठवीत. दोन्ही पाठ एकाच गोष्टीबद्दल आहेत, पण मध्ये दोन वर्षं आणि अनेक चाचण्या. नगरपालिका म्हणजे काय हे ज्या मुलाला आठवत नाही, त्याच्यासाठी महाड म्हणजे नुसती ओंजळभर पाण्याची गोष्ट. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, चित्र आहे, संपलं. त्या माणसांनी कागदावर आधीच मिळालेला हक्क तळ्याच्या काठावर जाऊन वापरला, त्यासाठी मार खाल्ला, आणि नंतर गोमूत्र-शेणाचे १०८ घडे ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. मग त्याच नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागं घेतला. हे सगळं नागरिकशास्त्र आहे. ठराव कोण करतं, अंमलबजावणी कोण करतं, ठराव मागं घेता येतो का, घेतला तर माणसानं कुठं जायचं.

सरांनी मुलांना सांगितलं, की आपल्या गावातही ठराव होतात, बघायला जाऊ. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, पालकांच्या सह्या घेतल्या. माझीही सही होती. ग्रामसेवकांनी मुलांना बसवलं, चहा नको म्हटल्यावर सरबत दिलं, ग्रामपंचायतीचं दप्तर दाखवलं. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्या लागतात, मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण हजर नसतील तर सभा तहकूब होते, बायकांची सभा आधी वेगळी होते, हे सगळं त्यांनीच समजावलं. त्या माणसाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट आभार आहेत.

इतिवृत्त चाळताना मुलांना २०२२ च्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा एक ठराव सापडला. आपल्या हायस्कूलच्या मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत नळजोडणी द्यावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. त्या स्वच्छतागृहात आजही बोअरिंगवरून बादली न्यावी लागते. माझी मुलगी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही, दुपारी आल्यावर पिते. मला वाटायचं तिला सवयच नाही.

“सर, ठराव झालाय, मग नळ कुठंय?” हे वाक्य तिथंच उच्चारलं गेलं. एका मुलानं ते जरा चढ्या आवाजात म्हटलं, आणखी एक शब्द जोडला, तो जोडायला नको होता. सरांनी त्याला तिथल्या तिथं माफी मागायला लावली आणि त्यानं मागितली. फोनवरून हे आपल्याला सांगितलं गेलं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वर्गानं अर्ज लिहिला. मी वाचला आहे. चार ओळी : ठरावाचा क्रमांक, तारीख, आणि ‘सदर ठरावाची अंमलबजावणी कधी होईल हे कळावे, ही नम्र विनंती’. खाली ३१ सह्या. अर्ज ग्रामपंचायतीत दिला, पोच घेतली. ती शिक्का मारलेली पोच माझ्या मुलीच्या कंपासपेटीत घडी करून ठेवलेली आहे. गृहपाठाच्या वह्या हरवणाऱ्या पोरीनं तो कागद दोन महिने जपला आहे.

त्यानंतर आपलं परिपत्रक आलं. ‘शैक्षणिक गुणवत्तावाढीच्या दृष्टीने’ अशी सुरुवात आहे. त्यातल्या एकेका मुद्द्याबद्दल माझं म्हणणं असं :

एक. आठवी-नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासिका गणिताच्या सरावाला दिल्या आणि विषय ‘मुलांनी घरी वाचावा’. गणिताशी माझं भांडण नाही, गिरणीचा हिशेब मी गणितावरच चालवते. पण दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा असतो, त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान, म्हणून ते सोडून दिलं तर चालतं, असा हिशेब कुणी मांडला असेल तर तो मार्कांचाही धड हिशेब नाही. रोज परिपाठात मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात. ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ हे शब्द तीन मिनिटांत म्हणून होतात. त्यांचा अर्थ सांगायला जो तास होता, तोच आपण काढून घेतला.

दोन. शाळेच्या वेळेत कुठल्याही सरकारी वा ग्रामपंचायत कार्यालयाला भेट द्यायची नाही. मग रायगडची सहलही बंद करायची का? तोही एका काळच्या राज्यकारभाराचं कार्यालयच आहे. सदर, टकमक, बाजारपेठ मुलांना दाखवतो आणि आज्ञापत्रं कुणाला कशी जायची ते सांगतो, तेव्हा आपण अभिमानानं फोटो काढतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कारभार बघायला बस करून जायचं आणि आजचा कारभार चालत दहा मिनिटांवर असून बघायचा नाही, याचं कारण मला तरी उमगत नाही. आणखी एक. ती सहल दर वर्षी महाडवरून जाते. मी विद्यार्थिनी असताना गाडी वडापावसाठी थांबली होती, तळ्यासाठी नाही. माझ्या मुलीच्या वेळीही तसंच झालं.

तीन. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक रद्द, यापुढे गुणानुक्रमे नेमणूक. या निवडणुकीत सर मतदारयादी लावायचे, बोटाला मार्करची शाई लावायचे, मुलं चिठ्ठ्या मोजायची. माझी मुलगी गेल्या वर्षी चार मतांनी पडली. एक रात्र रडली. आठवड्याभरात ग्रंथालयाचा तास का होत नाही म्हणून निवडून आलेल्या मंत्र्याच्या मागं लागली आणि तास सुरू करून घेतला. पहिला नंबर आलेल्या मुलाच्या मागं तिला असं लागता येईल का? तो म्हणेल, मला सरांनी नेमलंय, सरांना विचार. माझा भाऊ भांडुपला राहतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनं पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितलं असताना जवळजवळ चार वर्षं तिथं सरकारनं नेमलेला प्रशासक होता. गटार तुंबलं की भाऊ वॉर्ड ऑफिसला फोन करायचा, तिथून सांगायचे नोंद घेतली. नगरसेवकाच्या दारात जाऊन उभं राहायची सोय नव्हती. त्यानं ते चार वर्षं सहन केलं, आपण सगळ्यांनीच केलं, फारशी ओरड झाली नाही. नेमलेल्या माणसाची आपल्याला इतकी सवय कशी झाली, याचं उत्तर शोधताना मी आपल्या या तिसऱ्या मुद्द्यापाशी येऊन थांबते.

चार. विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय कुठल्याही कार्यालयाला अर्ज करू नये, आणि संबंधित शिक्षकांना कारणे दाखवा. मुलांकडून अर्जलेखन आपण मराठीच्या पेपरात गुण देऊन लिहून घेतो. ‘तुमच्या परिसरातील अस्वच्छतेबाबत आरोग्याधिकाऱ्यांना पत्र लिहा.’ तो अर्ज खरोखर पाठवला की तीच मुलं बेशिस्त कशी ठरतात?

आपल्यापैकी एका सदस्यांनी मला प्रत्यक्ष भेटीत सांगितलं, “ताई, शाळेत राजकारण नको.” पक्षाचं राजकारण शाळेत नको, हे मला शंभर टक्के मान्य आहे, उद्या कुठल्या पक्षाचा झेंडा घेऊन कुणी फाटकातून आत आलं तर त्याला अडवायला मी सगळ्यात पुढं असेन. पण मुलांना शिस्त हवी म्हणून हे केलं असेल, तर महाडचाच पुढचा भाग वाचावा. डिसेंबर १९२७ मध्ये लोक पुन्हा महाडला जमले, तेव्हा तळं खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला होता आणि मनाईहुकूम निघाला होता. हजारो माणसं आली होती, तळं समोर होतं. त्यांनी मनुस्मृती जाळली, मिरवणूक काढली, पण कोर्टाचा हुकूम मोडून पाण्यात हात घातला नाही. खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. एवढी शिस्त मी तरी आमच्या मासिक सभेत कधी बघितली नाही.

एक खुलासा करते, नाहीतर कुणीतरी वाकडा अर्थ काढेल. आपल्या शाळेचा न आलेला नळ आणि चवदार तळं यांची मी तुलना करत नाही. माणसाला माणूस म्हणून नाकारणं कुठं आणि एक जोडणी रखडणं कुठं. पण मंजूर ठराव आणि प्रत्यक्ष पाणी यांच्यात अंतर पडतं, आणि ते पडलं आहे हे विचारायचा हक्क असतो, हे या मुलांना महाडनंच शिकवलं. त्यांनी ते शिकून चार ओळी लिहिल्या. ठराव झाला त्या काळी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच खर्चायचा बंधित हिस्सा होता, तेव्हा त्यांनी काही चंद्र मागितलेला नाही.

आठवीपर्यंतच्या शाळेत पालकांची बहुसंख्या असलेली शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. अनुदानित शाळांत ती फक्त सल्लागार असते, हे मला ठाऊक आहे. परिपत्रक काढण्यापूर्वी त्या समितीचा सल्ला घेतला होता का? समितीतल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं.

माझ्या मागण्या :

१. नागरिकशास्त्राच्या तासिका वेळापत्रकात पूर्ववत लावाव्यात.

२. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक या वर्षीही चिठ्ठ्यांनी घ्यावी.

३. इतिहासाच्या शिक्षकांना दिलेली कारणे दाखवा नोटीस लेखी मागे घ्यावी. तोंडी ‘जाऊ द्या आता’ नको. त्यांच्या सेवापुस्तकावर त्याची सावली पडता कामा नये.

४. वर्षातून दोन वेळा, पालकांच्या संमतीनं, मुलांना ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय दाखवावं. भेटीचे नियम शाळा व्यवस्थापन समितीसोबत बसून ठरवावेत. वागणुकीचे नियम कडक केले तरी माझी हरकत नाही.

५. सहलीची गाडी महाडला तळ्याच्या काठाशी एक तास थांबवावी.

६. नळजोडणीच्या ठरावाचा पाठपुरावा आता मुलांऐवजी संस्थेनं करावा. इमारत संस्थेची आहे.

माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस असतात. हे पत्र त्या कायद्याखालचं नाही, तरी मीही तेवढेच दिवस धरते.

सोमवारी अकरा वाजता मी शाळेच्या कार्यालयात येईन. माझं नाव आणि सही त्या प्रतीवर असेल. दोन प्रती आणते आहे. एकीवर आवक क्रमांक टाकून, शिक्का मारून मला परत द्यावी. मुलीनं विचारून ठेवलं आहे, की तुझी पोच माझ्या कंपासपेटीत ठेवू का.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी व पालक